स्टाइनमेट्झ १८६६ मध्ये वीर आणि १८७० मध्ये नकोसा कसा झाला?

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा: कार्ल फ्रीडरिश फॉन स्टाइनमेट्झ या प्रशियन सेनापतीने १८६६ च्या जूनमध्ये, ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात, तीन दिवसांत तीन लढाया जिंकल्या, त्याला ‘नाखोदचा सिंह’ म्हणू लागले. मग चारच वर्षांनी फ्रान्सच्या युद्धात त्याला लष्करावरून बाजूला का केलं? वयोमानाने डोकं चालेनासं झालं होतं, की प्रशियन सैन्याचा मुख्य स्टाफप्रमुख मोल्टके याने आपली चूक झाकायला त्याचा बळी दिला? आणि बाजूला केलं तर पुढच्याच वर्षी फील्डमार्शल कसं केलं?

आधी हे सांगतो की वयाचं उत्तर सोपं आहे आणि बहुतेक चुकीचं आहे. स्टाइनमेट्झचा जन्म २७ डिसेंबर १७९६ चा, आयझेनाखचा. म्हणजे १८६६ मध्ये नाखोदला तो ६९ वर्षांचा होता आणि १८७० मध्ये ग्राव्हलोतच्या लढाईत ७३. ज्या राजाने त्याला नेमलं आणि काढलं तो पहिला विल्हेल्म त्याच्यापेक्षा तीन महिन्यांनीच लहान, आणि मोल्टके १८७० मध्ये ६९ चा. म्हातारपण हेच कारण असतं, तर त्या मुख्यालयातल्या अर्ध्या लोकांना घरी पाठवावं लागलं असतं.

खरा प्रश्न असा विचारायला हवा: दोन्ही वेळा त्याच्या हाताखाली नेमकं काय होतं, आणि त्याच्यावर कोण होतं? प्रशियन सेनापतीचं चरित्र वाचताना शौर्याची विशेषणं बाजूला ठेवून मी आधी चार गोष्टी बघतो: हुद्दा कोणत्या तारखेचा, नेमणूक कोणती, शेजारी स्टाफप्रमुख कोण, आणि वरचा अधिकारी सेवाज्येष्ठतेत पुढे की मागे. या चार गोष्टी मांडल्या की स्टाइनमेट्झचं कोडं बरंचसं सुटतं.

हुद्द्यांपासून सुरू करू, कारण इथे मराठी वाचकाचा घोटाळा हमखास होतो. आपल्या डोळ्यासमोर ब्रिटिश पद्धतीची उतरंड असते. प्रशियात ब्रिगेडियर नावाचा जनरल नव्हता. ब्रिगेडचा प्रमुख साधारणपणे मेजर जनरल, डिव्हिजनचा लेफ्टनंट जनरल आणि आर्मी कोअरचा ‘पायदळाचा जनरल’ किंवा ‘घोडदळाचा जनरल’. प्रत्येक हुद्द्याला पेटंट म्हणजे नेमणुकीची तारखेची सनद असे, आणि एकाच हुद्द्याच्या दोघांत जुनी सनद ज्याची तो वरचढ. सैन्यात दर वर्षी छापली जाणारी ज्येष्ठतायादी अधिकारी लोक बारकाईने वाचत. त्यामुळे ‘अमुक साली जनरल झाला’ एवढं लिहून भागत नाही. कोणता जनरल, कोणत्या तारखेपासून, आणि प्रत्यक्ष अधिकार होता की नुसता मान, हे लिहावं लागतं.

आता त्याची वाटचाल. १८०७ ते १८१३ पोमेरेनियातल्या स्टोल्पच्या कॅडेट शाळेत शिक्षण, तेही देश फ्रेंचांच्या टाचेखाली असताना. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्ध मुक्तियुद्ध पेटलं तेव्हा तो आणि त्याचा थोरला भाऊ फ्रेंचांच्या चौक्या चुकवून ब्रेस्लाऊला पोचले आणि सैन्यात शिरले. भाऊ लाइपझिगला पडला. हा जखमी होऊन वाचला आणि दुसऱ्या वर्गाचा आयर्न क्रॉस घेऊन परतला. पगारातला बराचसा भाग तो गरिबीत असलेल्या आईला पाठवी. पुढे बर्लिनच्या युद्धविद्यालयात १८२० ते १८२४ शिक्षण आणि जनरल स्टाफच्या नकाशे विभागात काम. वरिष्ठांचे शेरे तेव्हापासून एकाच वळणाचे आहेत: गुण मोठे, पण हाताखाली वागवायला अवघड, जपून हाताळावा लागतो.

हा शेरा ठळक अक्षरांत लिहून ठेवा. १८७० चा माणूस त्यात चाळीस-पंचेचाळीस वर्षं आधी दिसतो.

लग्न त्याने चुलतबहिणीशी केलं. तिचे वडील लेफ्टनंट जनरल कार्ल फ्रीडरिश फ्रान्सिस्कुस फॉन स्टाइनमेट्झ हे लिन्यी आणि वॉटर्लूच्या मोहिमेत त्सीटनच्या कोअरमधल्या एका ब्रिगेडचे प्रमुख होते. इंटरनेटवर या सासरे-जावयाची सर्रास सरमिसळ होते, त्यामुळे ‘वॉटर्लूला लढलेला स्टाइनमेट्झ’ असं कुठे दिसलं तर ते सासरे समजा. जावयाला मेजर व्हायला १८३९ उजाडलं, म्हणजे पहिल्या हुद्द्यापासून सव्वीस वर्षं. शांततेच्या काळातल्या प्रशियन सैन्यात ही गती नेहमीचीच होती, त्यावरून त्याला मागे ठेवलं असा निष्कर्ष काढू नका. १८४८ मध्ये श्लेस्विगमध्ये डेन लोकांविरुद्ध चांगली कामगिरी केल्यावर ‘पूर ल मेरित’ हे मोठं लष्करी पदक मिळालं, १८५१ मध्ये कॅडेट कोअरचा प्रमुख, १८५४ मध्ये मेजर जनरल. पन्नाशीनंतर बढत्यांचा वेग वाढला, आणि १८६६ चं युद्ध लागलं तेव्हा तो पोझेनच्या पाचव्या कोअरचा प्रमुख आणि पायदळाचा जनरल होता.

आता नाखोद. इथे जरा थांबायला हवं, कारण त्याच्या कीर्तीचा पाया इथला आहे आणि त्याच्या मर्यादाही इथेच झाकल्या गेल्या.

युवराज फ्रीडरिश विल्हेल्मचं दुसरं लष्कर सिलेशियातून डोंगरातल्या वेगवेगळ्या वाटांनी बोहेमियात उतरत होतं. पाचव्या कोअरच्या वाट्याला ग्लाट्झकडून नाखोदकडे येणारी एकच वाट होती. एक प्रशियन कोअर म्हणजे दोन डिव्हिजन, चार ब्रिगेड, आठ रेजिमेंट, प्रत्येक रेजिमेंटच्या तीन पलटणी आणि प्रत्येक पलटणीत सुमारे हजार माणसं. वर घोडदळ, तोफखाना, गाड्या. असं तीस हजारांच्या आसपासचं सैन्य एका रस्त्यावरून चाललं की बिनीची तुकडी पोचल्यावर मुख्य भाग यायला कित्येक तास लागतात. खिंडीच्या तोंडाशी शत्रू उभा असेल तर हे तास जीवघेणे.

२६ जूनच्या संध्याकाळी बिनीने नाखोद गाठून घेतलं. २७ ला सकाळी लोव्हेनफेल्टच्या हाताखालच्या सहा-सात पलटणी खिंडीच्या बाहेरच्या पठारावर, वेन्झेल्सबेर्ग आणि व्हिसोकोव्हच्या बाजूला पसरल्या आणि समोरून रामिंगची ऑस्ट्रियन सहावी कोअर आली. रामिंगकडे संख्या होती, पण त्याने ब्रिगेड एकामागून एक झुंजीत टाकल्या. १८५९ च्या इटलीतल्या पराभवापासून ऑस्ट्रियन पायदळाला दाट रांगा करून संगिनीने धडकण्याचं वेड लागलं होतं. समोर ड्रायझेची सुईबंदूक होती, मागून भरायची. आडवं पडूनही मिनिटाला चार-पाच गोळ्या. ऑस्ट्रियन लोरेन्झ बंदूक लांबवर अधिक अचूक होती, पण ती ठासणीची: उभं राहून भरायची, मिनिटाला एक-दोन बार. दाट रांग जवळ आली की लांबचा फायदा संपतो आणि फक्त गोळ्यांची संख्या उरते. दुपारपर्यंत मुख्य भाग वर चढला आणि निकाल लागला. प्रशियाची हानी अकराशेच्या थोडी वर, ऑस्ट्रियाची पाच हजारांहून जास्त.

दुसऱ्या दिवशी स्कालिट्झला आर्चड्यूक लिओपोल्टच्या आठव्या कोअरशी गाठ पडली. ऑस्ट्रियाचा सरसेनापती बेनेडेक सकाळी तिथे येऊन माघारीच्या सूचना देऊन गेला होता, तरी फ्राग्नर्नची ब्रिगेड हल्ल्याला सुटली आणि तिची धूळधाण झाली. फ्राग्नर्न स्वतः पडला, मागून क्रायसेर्नही. तिसऱ्या दिवशी, २९ जूनला, श्वाइनशेडेलला फेस्टेटिक्सच्या चौथ्या कोअरशी आणखी एक चकमक. ३ जुलैच्या कोनिगग्रेट्झच्या निर्णायक लढाईत मात्र पाचवी कोअर राखीव होती, तिला फारसं काम पडलं नाही.

या तीन दिवसांतला त्याचा वाटा कमी लेखू नका. त्याच २७ तारखेला शेजारच्या वाटेने उतरणाऱ्या बोनिनच्या पहिल्या कोअरला ट्राउटेनाऊला मागे हटावं लागलं होतं. ऑस्ट्रियाची हानी तिथेही प्रशियाच्या तिप्पट, म्हणजे बंदूक तीच आणि शत्रूची पद्धतही तीच, तरी निकाल उलटा. फरक सेनापतीच्या पक्केपणाचा होता. बिनीवर दबाव आला तरी स्टाइनमेट्झ डगमगला नाही आणि मागून येईल ती पलटण पुढे ढकलत राहिला.

पण काम कोणतं होतं तेही बघा. रस्ता एक, दिशा एक, शत्रू समोर, शेजारी कोणी नाही. पुढे जा, मिळेल त्याला झोड, खिंडीचं तोंड मोकळं कर. शेजाऱ्याच्या रस्त्याचा, वेळापत्रकाचा, वरिष्ठांच्या मनातल्या मोठ्या आखणीचा विचार करायची पाळीच आली नाही. आणि कोअरच्या स्टाफप्रमुखपदी विटिशसारखा कर्नल होता.

१८७० मध्ये नेमकं हेच बदललं.

आधी नावांचा गुंता सोडवून घ्या. १८६६ चं पहिलं लष्कर राजाचा पुतण्या फ्रीडरिश कार्लचं, दुसरं युवराजाचं, शिवाय हेरवार्टचं एल्बे लष्कर. १८७० मध्ये पहिलं लष्कर स्टाइनमेट्झचं, दुसरं फ्रीडरिश कार्लचं, तिसरं युवराजाचं. आकडा तोच, माणूस वेगळा. निबंधात या जागी हमखास चूक होते. तिघांत राजघराण्याबाहेरचा एकटा स्टाइनमेट्झ. त्याच्याकडे सुरुवातीला सातवी कोअर (झास्ट्रो), आठवी कोअर (ग्योबेन) आणि एक घोडदळ डिव्हिजन, मिळून पन्नास-साठ हजार. पहिली कोअर (मांटॉयफेल) नंतर आली. तिन्हींत सर्वांत लहान लष्कर आणि काम उजव्या बगलेचं: मधल्या मोठ्या लष्कराने फ्रेंचांना धरायचं आणि याने बाजूने वळसा घालायचा. अशा कामात योग्य वेळेपर्यंत थांबणं हे अर्धं काम असतं, आणि नेमकं तेच त्याला जमत नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो टोलाइच्या परिसरातून दक्षिणेकडे सरकला आणि सांक्ट वेंडेल–ओटवायलर–नॉयनकिर्खेन या रस्त्यावर येऊन बसला. हा रस्ता दुसऱ्या लष्कराला दिलेला होता. आपल्याकडे घाटात एक ट्रक आडवा झाला की मागे काय होतं ते ज्याने पाहिलंय, त्याला फ्रीडरिश कार्लचा संताप कळेल. इथे मागे लाखाच्या वर माणसं होती. मोल्टकेने तारेने रस्ता मोकळा करायला सांगितलं. स्टाइनमेट्झने त्यावर थेट राजाकडे तक्रार केली. ६ ऑगस्टला सारब्र्युकेनजवळ स्पिखरेनची लढाई जुंपली. ती त्याने ठरवलेली नव्हती. चौदाव्या डिव्हिजनच्या कामेकेला वाटलं की फ्रेंच मागे हटताहेत. त्याने झास्ट्रोला विचारलं, झास्ट्रोने ‘तुझ्या अंदाजाने कर’ म्हटलं, आणि फ्रेंच सेनापती फ्रोसारच्या पूर्ण कोअरवर एक डिव्हिजन तुकड्या-तुकड्यांनी चढली. स्टाइनमेट्झ पोचला तेव्हा संध्याकाळ झाली होती. पण त्याचं सैन्य मुळात तिथे होतं ते त्याने दिशा बदलली म्हणूनच. प्रशियाची हानी फ्रेंचांपेक्षा जास्त, साधारण ४,९००, आणि सारच्या पलीकडे फ्रेंचांना गाठायचा मोल्टकेचा बेत फिसकटला.

१४ ऑगस्टच्या बोर्नीच्या लढाईचा दोष मात्र त्याच्या माथी मारू नका, काही लेखांत तसं असतं. ती फॉन डेर गोल्ट्झच्या ब्रिगेडने स्वतःहून सुरू केली आणि स्टाइनमेट्झ त्यावर चिडलाच होता.

१८ ऑगस्ट, ग्राव्हलोत. त्याच्यासमोर मान्स नाल्याची घळ होती: उतार तीव्र, दोन्ही बाजूंना रान, आणि तोफा किंवा घोडदळ पार नेण्याजोगा ग्राव्हलोतहून सँ-ह्युबेरच्या शेतवाडीकडे जाणारा एकच भरावाचा रस्ता. पलीकडच्या उंचवट्यावर प्वां द्यू जूर आणि मॉस्कूच्या शेतवाड्या, मध्ये खंदक, खंदकांत फ्रेंचांच्या शासपो बंदुका. इथे १८६६ चा हिशेब पूर्ण उलटतो. शासपोची निशाणपट्टी १,२०० मीटरपर्यंत, ड्रायझेची ६०० पर्यंत. मधल्या सहाशे मीटरांत प्रशियन शिपाई मार खातो आणि उत्तर देऊ शकत नाही. प्रशियाकडे एकच वरचढ गोष्ट होती, क्रुपच्या मागून भरायच्या पोलादी तोफा. अशा जागी शहाणपण एवढंच की तोफांना काम करू द्यावं आणि पायदळ थांबवावं, कारण त्या दिवशी निर्णय उत्तरेकडच्या बगलेवर व्हायचा होता. आठव्या कोअरला दुसऱ्या लष्कराच्या उजव्या बाजूशी जुळवून राहायला सांगितलंही होतं.

दुपारी तीनच्या सुमारास सँ-ह्युबेर पडलं आणि स्टाइनमेट्झला वाटलं, फ्रेंच फुटले. त्याने सातव्या कोअरच्या तोफा आणि पहिली घोडदळ डिव्हिजन त्या एकाच रस्त्याने पलीकडे सोडली. समोरून जखमी परत येताहेत, मध्ये तोफगाड्या अडकल्या आहेत, मागून घोडेस्वार दाटले आहेत आणि वरून गोळीबार चालू आहे. थोड्या तोफा कशाबशा टिकल्या. घोडदळाला पाठ फिरवावी लागली. नाखोदला खिंडीतून बाहेर पडायला जो धसमुसळेपणा उपयोगी पडला, त्यानेच इथे सैन्य घळीत कोंडून ठेवलं. संध्याकाळी फ्रान्सेकीची दुसरी कोअर येऊन पोचली आणि राजाने ती स्टाइनमेट्झच्या हाती दिली. तीही त्याच रस्त्याने गेली, आणि अंधारात सँ-ह्युबेरजवळ आपल्याच माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. घळीच्या अलीकडे पळापळ झाली.

‘मोल्टकेने बळी दिला का’ याचं उत्तर इथे देता येतं, आणि ते थोडं परिस्थितीवर सोडावं लागतं. मोल्टकेची पद्धत हेतू मोघम सांगून तपशील खालच्यावर सोपवण्याची. सुजाण माणूस असेल तर ती चालते. ऑगस्टच्या सुरुवातीला स्टाइनमेट्झला बाजूच्या हल्ल्याची आखणी नीट उलगडून सांगितली गेली नव्हती, ही तक्रार अगदीच पोकळ नाही. आणि दुसऱ्या कोअरच्या बाबतीत मोल्टकेने पुढे स्वतःच लिहिलं की जागेवर हजर असलेल्या स्टाफप्रमुखाने, म्हणजे त्याने स्वतः, एवढ्या उशिराची ती चढाई होऊ द्यायला नको होती. म्हणजे तो मोकळा सुटत नाही.

पण स्टाइनमेट्झला काढलं ते रक्तपातासाठी, हे मला पटत नाही. त्याच दिवशी उत्तरेला सँ-प्रिव्हासमोर व्ह्युर्टेम्बेर्गच्या आउगुस्टने गार्ड कोअर उघड्या उतारावर चढवली आणि आठ हजारांच्या आसपास माणसं खर्ची पडली, त्यातली बहुतेक फार थोड्या वेळात. त्याची कोअर त्याच्याकडेच राहिली. मग फरक कशाचा? आज्ञेचा. रस्त्याचा तंटा, राजाकडे परस्पर तक्रार, बगलेने थांबायचं असताना पुढे मारलेली धडक, हे सगळं एका ओळीत येतं. ग्राव्हलोतनंतर पहिलं लष्कर मेट्झ या फ्रेंच किल्ल्याच्या वेढ्यासाठी फ्रीडरिश कार्लच्या हाताखाली गेलं. हा राजपुत्र १८२८ चा, स्टाइनमेट्झपेक्षा एकतीस वर्षांनी धाकटा, आणि दोन आठवड्यांपूर्वी रस्त्यावरून याच्याशीच भांडलेला. १८१३ ची लढाई अंगावर घेतलेल्या माणसाला हे कसं पचावं? पटलं नाहीच. सप्टेंबरमध्ये त्याला पोझेन आणि सिलेशियाचा गव्हर्नर जनरल करून घरी पाठवलं. ‘घरी’ शब्दशः, कारण पाचव्या कोअरचा मुलूख तोच.

‘गव्हर्नर जनरल’ ही नेमणूक दिसली की सावध व्हा. १८६६ मध्ये माइन नदीवरच्या मोहिमेतून फोगेल फॉन फाल्केनस्टाइनला मध्येच उचललं आणि बोहेमियाचा गव्हर्नर जनरल केलं, तोही वरिष्ठांचं न ऐकण्याबद्दलच. बडतर्फी न करता माणूस रणांगणावरून काढायची ही प्रशियाची ठरलेली रीत होती.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही याच रीतीत आहे. ८ एप्रिल १८७१ ला स्टाइनमेट्झ फील्डमार्शल झाला. त्याच दिवशी हेरवार्ट फॉन बिटेनफेल्टही झाला, आणि हेरवार्टला १८७० मध्ये रणांगणावरचं लष्कर मिळालंच नव्हतं. म्हणजे हा सन्मान १८७० च्या कामगिरीचा निवाडा नव्हता. १८६६ चं देणं आणि लांब सेवेचा मान होता. राजा आपल्या वयाच्या जुन्या सैनिकांना अपमानित करून निरोप देणारा नव्हता. त्यामुळे ‘फील्डमार्शल केलं म्हणजे चूक कबूल केली’ असं लिहू नका, परीक्षक पहिली खूण तिथेच करतील.

लिहिताना एक व्यवहाराची गोष्ट. पॉट्सडॅमचं लष्करी दप्तर एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात मोठ्या प्रमाणावर जळालं, म्हणून प्रशियन अधिकाऱ्यांच्या मूळ सेवापत्रिका बहुधा मिळत नाहीत. आज जे वाचायला मिळतं ते छापील ज्येष्ठतायाद्या, जनरल स्टाफने काढलेला युद्धाचा अधिकृत इतिहास आणि नंतरच्या आठवणी. अधिकृत इतिहास मोल्टकेच्या खात्यानेच लिहिला, हे वाचताना ध्यानात असू द्या: वेळा, तुकड्या, हानीचे आकडे यांवर विसंबा, दोष कोणाचा यावर नको. आणि नकाशा उघडाल तेव्हा आजची नावं लागतील: स्टोल्प म्हणजे पोलंडमधलं स्वुप्स्क, पोझेन म्हणजे पोझनान, स्कालिट्झ म्हणजे चेस्का स्कालित्से. निवृत्तीनंतर तो ग्योरलिट्झला राहिला आणि ऑगस्ट १८७७ मध्ये लांडेकच्या गरम झऱ्यांच्या गावी वारला. तेही आता पोलंडमध्ये आहे, लोंदेक-झ्द्रुई नावाने.